लिंबू, अंडं आणि काळी शाल

माझी बायको रत्नमाला रोज एक चित्र काढते. हे ऐकलं की पाहुणे म्हणतात, वा! मी म्हणतो, आधी आमच्याकडे चार दिवस राहा, मग वा म्हणा. सकाळी चहा मागितला तर आतून उत्तर येतं, "थांबा, कप चित्रात हाये." वांग्याची भाजी कर म्हटलं तर वांगी चित्रात. एकदा माझा चष्मा चित्रात होता आणि मी घरभर चाचपडत होतो.

नाकाडोंगरीच्या अलीकडे आमचं गाव. रत्नमाला इथल्या उपकेंद्रात नर्स होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, उरलेल्यांना तिनं सुया टोचल्या. मी एसटीत कंडक्टर. दोघंही रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता निवांत बसू. तेवढ्यात नागपूरहून आमची मनाली आली. तिनं आईला रंगांची पेटी आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदांचा गठ्ठा दिला. "आई, समोर दिसेल ती वस्तू घे आणि रोज एक छोटं चित्र काढ. त्याला स्थिरचित्र म्हनते." पोरगी सांगून निघून गेली. भोगतोय मी.

आमच्या घरात कधी काही स्थिर नव्हतं. तांब्या न्हाणीतून ओट्यावर, ओट्यावरून शेजारच्या कुंताबाईकडे, असा गावभर हिंडायचा. आता गल्लीकडच्या खिडकीत एक स्टूल आलं आणि स्टुलावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा कायदा झाला. सकाळी तिथं तासभर सारखा उजेड असतो म्हणे. त्या तासात चित्र झालं तर झालं. मनासारखं नाही झालं की तीच वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा.

उन्हाळ्यात ती लिंबाच्या मागं लागली. लिंबू काही जमेना. रोज एक लिंबू काढायचं, नाराज नजरेनं बघायचं आणि उसासा टाकायचा. मी वैतागून म्हटलं, "अवं, बाजारात ढीगभर लिंबं भेटतात, एकदम हुबेहूब. तू कायले काढतेस?"

"त्याइच्याकडे कोनी पाहून नाही राहिलं ना," ती म्हणाली.

मग लिंबू उठून दिसावं म्हणून तिनं मागं माझी काळी शाल टांगली. सोबतीला अंडं ठेवलं. कच्चं घरंगळून फुटेल म्हणून उकडून ठेवलं. आणि समोर बसून, सावली नीट कळावी म्हणून, डोळे बारीक करून टक लावून बघत राहिली. नेमकी तेव्हाच कुंताबाई गल्लीतून चालली होती. कुंताबाईची गाय दोन दिवसांपासून पान्हा चोरत होती, दूध देत नव्हती. तिनं काळी शाल पाहिली, लिंबू पाहिलं, अंडं पाहिलं, बारीक डोळ्यांची रत्नमाला पाहिली आणि हिशेब मांडून मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नर्सबाई करणी करते.

मी कपाळाला हात लावला. आमच्या वाडवडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव सोडले, भुतं सोडली, उतारे सोडले. आणि त्यांच्या सुनेवर करणीचा आळ! तोही कशापायी, तर तिला लिंबू जमत नाही म्हणून.

बायका बीपी तपासून घ्यायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. एक तरणी बाई खिडकीसमोरून जाताना कडेवरच्या पोराचं तोंड पदरानं झाकून गेली. त्या बाईला या जगात रत्नमालानंच आणलं होतं. रत्नमालानं ते पाहिलं आणि ब्रश पाण्यात तसाच धरून बसली.

मी म्हटलं, "खिडकी लाव. चार दिवसांत विसरतात लोक." ती जागची हलली नाही, म्हणून मीच उठून लावली. शहाणपणाचीच गोष्ट होती. कोणीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्र काढलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रंगांची पेटी फळीवर गेली. चहा वेळेवर आला, माझ्याच कपात. वांग्याची भाजी झाली. आणि ती भाजी मी निम्मी ताटातच सोडली. बाई घरभर नुसती फिरायची, पुसलेलं पुन्हा पुसायची. इतके दिवस चित्रांनी माझ्या नाकी नऊ आणले होते, पण हे त्याहून वाईट होतं. मला गावाचा राग आला, कुंताबाईचा आला, तिच्या गाईचाही आला.

शेवटी बंद खिडकीतल्या स्टुलावरून ते लिंबू आणि ते अंडं उचललं आणि तरातरा तुलारामच्या पानठेल्यावर गेलो. तिथं गर्दी असतेच. अर्धं आयुष्य भरल्या गाडीत ओरडण्यात गेल्यामुळे आवाज आहे. म्हटलं, "पाहा रे सगळे! हेच ना ते करनीचं अंडं? हेच ना ते लिंबू? मी खातो. मले काय होते ते पाहा!"

अंडं सोललं, वर लिंबू पिळलं आणि अर्धं तोंडात टाकलं. आणि मग वास आला. भर उन्हाळ्यात ते किती दिवसांपासून बसलंय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण एवढी माणसं बघत असताना थुंकणार कसं? गिळलं. उरलेलं अर्धंही गिळलं. वर हसून दाखवलं.

घर गाठेपर्यंत पोटात मुरडा उठला. पुढचं सांगत नाही. उलट्यांचा आवाज गल्लीत गेला आणि गावाची खात्रीच पटली. कुंताबाई दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत पाय टाकेना, पण डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाली, "नर्सबाई, झालं ते झालं. आता तूच उतरव ना भाऊच्या अंगावरून."

"अंडं नासलं होतं, कुंताबाई," रत्नमाला म्हणाली आणि मीठ-साखरेचं पाणी ढवळत राहिली.

रात्रभर तिनं चमच्याचमच्यानं ते पाणी पाजलं. सकाळी जरा हुशारी आली तशी मी म्हटलं, "तुझ्यासाठी खाल्लं ते. आता गावाले भेवू नको. काढ चित्र."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गावाले भेली म्हनून थांबली मी, असं कोनं सांगतलं तुमाले?"

"मग?"

"सुया टोचाले जाऊ तवा हेच लोक मले पाहून दारं लावत. लेकरं पलंगाखाली लपवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जात होती मी." तिनं पेला खाली ठेवला. "पन घरची खिडकी कोनी लावली नव्हती कधी. ते तुमी लावली."

चार दिवसांचीच तर गोष्ट होती, असं म्हणणार होतो, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते म्हणवेना.

उठलो. खिडकीची कडी काढली, दोन्ही झडपा भिंतीपर्यंत ढकलल्या. फळीवरची पेटी काढून स्टुलाजवळ ठेवली. मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर गल्लीत, खिडकीला लागूनच बसलो. कुंताबाई गाईला घेऊन चालली होती, तिची चाल मंदावली. तुलाराम सायकलवरून उतरला. ज्यानं कोणी आत डोकावलं त्याला मी सांगितलं, "दुरून काय पाहता? आत या, चित्र काढून राहिली ती, बसून पाहा."

मग आतून पाण्यात ब्रश खळबळल्याचं ऐकू आलं आणि तिचा वैतागलेला आवाज आला, "अवो, बाजूले सरका ना जरा, उजेड अडवून राहिले तुमी!"

मी खुर्ची सरकवली.