चौथा रकाना

नंदा गेल्याचं मला कळलं ते घरच्या ग्रुपवर, आणि वाचल्यावर मनात पहिला प्रश्न आला तो तिचाच : हे पाठवलंय कोणी? पाठवलं होतं डोंबिवलीच्या काकांनी. याच काकांनी गेल्या वर्षी आमच्या एका आत्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती, आणि खाली आत्यानेच 'मी जेवत्ये' असं लिहिलं होतं. त्यामुळे दोन मिनिटं मी त्या काकांच्या वेंधळेपणाला धरून बसलो. मग मुलुंडला फोन लावला. श्रीधररावांनी, म्हणजे नंदाच्या नवऱ्याने, तो उचलला. "हो दादा," ते म्हणाले. "मी बाजूलाच होतो..." म्हणजे ऐकलेलं नाही, पाहिलेलं. नंदाच्या वहीतला पहिला रकाना. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

नंदा माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मानसशास्त्रातलं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती उभा जन्म नोकरी करत आली. नातेवाइकांना वाटे, ती वेड्यांच्या इस्पितळात आहे. प्रत्यक्षात ती खांद्याला झोळी अडकवून, प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन, कधी चारकोपच्या सेक्टरांमधून तर कधी गोवंडीच्या गल्ल्यांमधून फिरायची. साधी माणसं एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवतात तो कशाच्या जोरावर, एवढाच तिचा विषय. उद्या पाणी येणार नाही म्हणतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं? शेजारणीने? तिला कोणी? मग तुम्ही खरं का मानलंत? एकदा गोवंडीहून ती तडक माझ्या ऑफिसात आली, उन्हाने लालबुंद, आणि बसायच्या आधीच सांगायला लागली. "एक म्हातारी म्हणाली, पाणी जाणार असं तर सगळ्याच बोंबलतात, पण शेजारीण सांगते तेव्हा तिच्या हातात हंडा असतो, म्हणून तिचं खरं. दादा, आमच्या साहेबांना हेच सांगायला चाळीस पानं लागतात रे."

घरीही ती तशीच. तिच्याकडे एक लांबट वही होती, पुठ्ठ्याची. पानावर उभे तीन रकाने : पाहिलं, ऐकलं, वाटलं. घरात कोणी काहीही सांगितलं, औषध असो, स्थळ असो, सोसायटीच्या सेक्रेटरीचं लफडं असो, की नंदा चष्मा कपाळावर सारून विचारायची, "तू पाहिलंस का?" आणि उत्तर ज्या त्या रकान्यात टाकायची. चूक निघाली तर खोडायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, मग बरोबर रकान्यात पुन्हा लिहायचं आणि बाजूला सही. कामावरची शिस्त. "खोडलं की आपण कुठे फसलो तेच कळत नाही," म्हणायची. तिच्यापुढे माणसं बोलायला बिचकत. एक मामी तर 'भात झालाय' हेसुद्धा झाकण उघडून बघून सांगायची.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान माझं. घराण्यातला गोष्टी सांगणारा मी. लग्नात जेवणं उरकली की पोरं माझ्याभोवती बसतात, आणि माझा हुकमी एक्का म्हणजे आमच्या आजोबांनी देवगडला छत्रीने बिबट्या पळवला ती गोष्ट. पंचवीस वर्षं ती गोष्ट चालली. मग नंदा गावी गेली असताना चार म्हाताऱ्यांना विचारून आली आणि एका साखरपुड्यात, ऐन रंगात, मागून म्हणाली, "आजोबा नव्हते, शेजारचे तात्या होते. बिबट्या नव्हता, रेडकू होतं. छत्री होती." आजही आमच्यात मला बघून कोणीतरी हळूच 'छत्री होती' म्हणतं. त्या रात्री निघताना तिने मला वही दाखवली. चौथा रकाना आखून वर लिहिलं होतं : रचलेलं.

"हा खास तुझ्यासाठी. आणि घाबरू नकोस, मी ओळखते. थाप मारायच्या आधी तू हसतोस, दादा. बोलायला सुरुवात करायच्या आधीच."

"मग आता हसणार नाही."

"तुला जमायचं नाही."

यंदा फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो होतो, सहज, बोरिवलीहून मुलुंडला एक काम निघालं म्हणून. दार तिनेच उघडलं आणि मला दोन पावलं मागे जावंसं वाटलं. गळ्याची हाडं वर आली होती. पोटात दुखतं, कळ पाठीत जाते, जेवण नकोसं होतं, असं तिने दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. डॉक्टरांनी स्कॅन सांगितलाय, म्हणाली, बघू. तिला भीती वाटत होती. आम्ही एका ताटात जेवलेलो, मला ते कळत होतं. आणि मी... मला जे येतं ते केलं. म्हटलं, "अगं, आमच्या खात्यातले एक गृहस्थ. अगदी हेच, पाठीपर्यंत कळ, दहा किलो उतरले. घरच्यांनी रडारड केली. निघालं काय, तर पित्त. महिनाभर पथ्य केलं आणि आता वडे हाणतो." ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तिने विचारलंच नाही. "वडे?" एवढं म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. मी जिना उतरलो तो स्वतःवर खूश होऊन.

स्कॅनला ती गेली ती तीन आठवड्यांनी. स्वादुपिंडात गाठ होती. पुढे सगळं दोन महिन्यांत आटोपलं.

दिवसवार झाल्यावर श्रीधररावांनी मला खिडकीशी नेलं. "दादा, एक कळत नाही. दुसऱ्याला साधी शिंक आली तरी तपासून घ्या म्हणणारी बाई, ती तीन आठवडे का थांबली? तुम्हाला काही बोलली होती?" मी नाही म्हटलं. लगेच, नीट, त्यांच्याकडे बघून. डॉक्टर म्हणाले होते की तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. मी ते वाक्य मनात घट्ट धरलं होतं, पण त्याला नंदाची सवय चिकटायची. डॉक्टरांना हे माहीत आहे, की आम्हाला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले? मी तरी दुसरं काय केलं होतं? निघताना श्रीधररावांनी वही माझ्या पिशवीत घातली. "तुम्हीच ठेवा. तिच्यात जास्त तुम्हीच आहात."

आठ दिवस ती वही बोरिवलीला कपाटावर पडून होती. बायको म्हणाली, "उघडा तरी, चावणार नाही." ती चावेल की नाही हे एका गोष्टीवर होतं. फेब्रुवारीतली माझी गोष्ट नंदाने चौथ्या रकान्यात लिहिली असेल, तर तिने ती ओळखली होती. मग ती का थांबली ते तिचं तिला ठाऊक, मी सुटलो. आणि दुसऱ्या रकान्यात असेल तर... नवव्या दिवशी उघडली. चौथा रकाना पानोपान भरलेला होता, सगळा माझ्या नावाने. बिबट्या होता. ऑफिसातल्या नागाचा किस्सा होता. मी लग्नाआधी वजन कमी केलं हेसुद्धा होतं, जे अर्धं तरी खरं आहे. मग फेब्रुवारी. अक्षर बारीक झालेलं. दुसरा रकाना, ऐकलं : 'दादाच्या खात्यातले गृहस्थ, हेच दुखणं, पित्त निघालं.' आणि समासात, चष्मा वर सारून लिहिल्यासारखं : 'दादा हसला नाही.'

हसलो नव्हतोच. तिला बघून माझी वाट लागली होती. तिचा हिशोब बरोबर होता, गोवंडीच्या म्हातारीसारखाच. तिने माझ्या हातात हंडा पाहिला. तो रिकामा होता, एवढंच तिला दिसलं नाही.

रविवारी मुलुंडला गेलो. श्रीधरराव गॅलरीत तिच्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी वही उघडून पान समोर धरलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग त्यांनी तेच विचारलं, जे तिने विचारायला हवं होतं.

"नाव काय या गृहस्थांचं?"

"नाव नाही. तसा कोणी माणूसच नाही."

"मी खिडकीशी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

ते आत गेले. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी उठून निघावं की बसावं ते कळेना. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात तिचं निळं पेन होतं. "मला आज तुमच्याशी बोलता यायचं नाही, दादा," ते म्हणाले. "पण हे असं चुकीच्या जागी राहायला नको. तिला चाललं नसतं."

मी पेन घेतलं. दुसऱ्या रकान्यातल्या ओळीवर रेघ मारली, जरा तिरकी गेली. तीच ओळ चौथ्या रकान्यात पुन्हा लिहिली, तिच्या अक्षराशेजारी माझं गिचमीड अक्षर, आणि बाजूला सही केली. समासातल्या तीन शब्दांवर पेन टेकवलं आणि उचललं. ते खरे होते.

वही आता मुलुंडलाच असते, तिच्या चष्म्याच्या घराखाली. मी गेलो की श्रीधरराव चहा देतात, फारसं बोलत नाहीत. एकदा ते आत असताना मी पान काढून पाहिलं. रेघेखालचं नंदाचं अक्षर नीट वाचता येतं.