गोचिडी वेचताना

मास्तरीण म्हणून आयुष्यभर वर्गात ओरडले. निवृत्त झाल्यावर घरात माझा आवाजच ऐकू येईना. नवरा गेलेला, मुलगी पुण्यात. गोंदियाजवळच्या या गावात दिवसभर राइस मिलची घरघर ऐकायची आणि आपण गप्प बसायचं. फार एकटं वाटायचं. कोणी विचारलं, तर "मजेत आहे" म्हणायची.

म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणलं. जंताचं औषध पाजलं, लस टोचून आणली. रोज सकाळी त्याला गुडघ्यांत धरून गोचिडी काढायची. चिमट्याने अगदी कातडीजवळ पकडायची, ओढायची आणि वाटीतल्या साबणाच्या पाण्यात टाकायची. ते वळवळायचं, मी बोलत राहायची. काल काय शिजवलं, मुलीचा फोन का आला नाही, सगळं त्याच्या कानात. इतकं ऐकून घेणारा विद्यार्थी मला नोकरीत एक मिळाला नाही.

शेजारी काकी राहतात, त्याही एकट्याच. जन्मभर विड्या वळल्या, अजून वळतात. एकदा मी पिल्लू त्यांच्याकडे सोडून गोंदियाला बाजाराला गेले. परत आले तर त्याच्या तोंडाला फेस, पाय थरथरताहेत. अंगाला तंबाखूचा उग्र वास.

"गोचिडी लय झाल्या होत्या वो बाई," काकी म्हणाल्या. "तंबाखूचा चुरा उकळून लावला. आमच्या बैलांले असंच लावत होतो."

"बैलाचं आंग केवढं, याचं केवढं! अन् हे चाटून राहिलं ना! कायले अक्कल चालवली?"

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "पहले साबुन से नहलाओ, फिर फौरन लेके आओ," ते म्हणाले. धुतलं, टॉवेलात गुंडाळलं, ऑटो बोलावला. काकीही चढायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, "तुमी येऊ नका. माझ्या दारातही येऊ नका." रस्ताभर पिल्लाच्या छातीवर हात ठेवून बसले. हे गेलं तर उद्या सकाळी मी कोणाशी बोलू, एवढंच डोक्यात होतं. देवाचं नावही सुचलं नाही.

सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, पिल्लू वाचलं. पण सुया टोचल्यापासून नुसता चिमटा दिसला तरी ते खाटेखाली दडायचं. एकटीने धरणं जमेना आणि कानांत गोचिडी वाढू लागल्या. शेजारच्या अंगणातून विडीची पानं कापणाऱ्या कैचीचा आवाज यायचा, तोही बंद झाला. काकी आता मागच्या बाजूला बसून विड्या वळायच्या, माझं तोंड दिसू नये म्हणून. माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

शेवटी कुंपणाशी जाऊन ओरडले, "काकी, याले धराले कोणी पाहिजे!"

त्या आल्या. आधी नळाखाली कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. पिल्लानेही बराच वेळ हुंगले, मग त्यांच्या मांडीवर बसलं. तेव्हापासून त्या रोज येतात. त्या धरतात, मी काढते. बोलतो दोघीही.

आज वाटीतलं पाणी स्वच्छच राहिलं. कान पाहिले, बोटांच्या फटी पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं. एकही गोचीड नाही. मी चिमटा पुसून ठेवला. काकींनी पिल्लू सोडलं नाही.

"नीट पाहा ना वो बाई," त्या म्हणाल्या. "एखादी राहिली असंल."

मी चिमटा उचलला आणि पुन्हा पहिल्या कानापासून सुरुवात केली.