दाबावरचा श्वास

नवरा जाऊन बावीस दिवस झाले आणि भूलतज्ज्ञ बाई कामावर हजर झाल्या. केस नीट विंचरलेले, डोळे कोरडे. लोक म्हणाले, बाई खमक्या आहेत. खमक्या कसल्या डोंबलाच्या, आतून नुसता दगड झाला होता त्यांचा.

"जमेल ना?" सर्जननं हात धुताधुता विचारलं.

"न जमायला काय झालं?" बाई म्हणाल्या. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं, एवढाच त्यांचा विचार.

पहिलीच केस पित्ताशयाची, दुर्बिणीतून. पेशंट एक शिक्षिका, अंगानं जाड आणि तोंडानं बडबड्या. "उठवाल ना हो मला?" टेबलावर आडवं होताना त्यांनी विचारलं. "उठवते की," बाई म्हणाल्या आणि त्यांना झोपवलं.

आता या ऑपरेशनची तऱ्हा अशी, की आधी गॅस भरून पोट फुगवतात. फुगलेलं पोट फुप्फुसांना खालून रेटतं. अशात मशीननं दर श्वासाला ठरलेली हवा ढकलली, की छातीतला दाब चढतो. इथंही चढला आणि मशीन बोंबलायला लागलं. बाईंनी पद्धत बदलली. आता दाब ठरलेला, त्यात मावेल तेवढी हवा जाणार. हवा कमी पडतेय म्हटल्यावर दाब जरा वाढवला. वीस वर्षांचा हात होता, सगळं बिनबोभाट झालं.

पण या पद्धतीत एक मेख आहे. शेवटी गॅस सोडला की पोट बसतं, आणि त्याच दाबाला भसकन जास्त हवा आत शिरते, फुप्फुस फाटायची भीती असते. म्हणून या दोघांची रीतच होती. सर्जननं "सोडतोय" म्हणायचं, बाईंनी आधी दाब उतरवायचा आणि मगच "सोडा" म्हणायचं.

"सोडतोय," सर्जन म्हणाला.

"सोडा," बाई म्हणाल्या. हात मांडीवरच होते.

पोट बसलं. साडेचारशे मिलीचा श्वास नऊशेवर गेला. शेजारच्या नर्सनं बाईंचा दंड दाबला. "मॅडम, आकडा."

बाईंनी आकडा पाहिला, दाब उतरवला. सात-आठ श्वास तसेच गेले असतील. नशीब, शिक्षिका ठणठणीत उठल्या आणि पाणी का देत नाही म्हणून कुरकुरायला लागल्या.

केस संपली. बाईच सर्जनच्या खोलीत गेल्या.

"उद्यापासून यादीत माझं नाव नको."

"अहो, एवढं काय त्यात? माझ्या हातून काय कमी घोटाळे होतात? पेशंट छान आहेत."

"छान आहेत. पण नऊशे बघून माझ्या पोटात गोळासुद्धा आला नाही, डॉक्टर. घाबरायला हवं होतं मी. त्या मेल्या असत्या तरी मी अशीच बसून राहिले असते."

सर्जननं खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. पुढच्या पेशंटला भूल कोण देणार, तेवढं विचारून घेतलं आणि त्या कपडे बदलायला गेल्या.