पाळकसाहेब, डॅनियल आणि आमचं हायजीन

पाळकसाहेबांविरुद्धचा अर्ज मी लिहिला होता.

सह्या बऱ्याच जणांच्या होत्या. पण मजकूर माझा, अक्षर माझं.

आज इंदापूरला त्यांना माती देऊन आले. आता गप्प बसवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बारामतीच्या आमच्या चर्चच्या पंचकमिटीची सेक्रेटरी. शाळेत मराठी शिकवते. साहेब आमचे पाळक, मूळचे वरकुट्याचे, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच.

डॅनियल टांझानियाहून उसाचं शिकायला बारामतीला आला होता. त्याला कुणी रूम देईना. "इथं फॅमिली राहते," म्हणायचे. शेवटी साहेबांनी आपल्या क्वार्टरमधली पुढची खोली दिली.

पहिल्या रविवारी तो चर्चमध्ये येऊन बसला आणि तो बाक रिकामा झाला.

कुणी काही बोललं नाही हो. एकाला पंख्याखाली बसायचं होतं, एकीला मैत्रिणीशेजारी. मी बाजाच्या पेटीजवळ सरकले.

आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला असायचा. ओळीनं गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी त्याच प्याल्यातून घोट घ्यायचा. आजोबांच्या काळापासून.

आजोबा बावड्याचे. गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ख्रिस्ती झाल्यावर पहिल्यांदा दुसऱ्याच्या ओठाचा प्याला त्यांच्या ओठाला लागला, तेव्हा ते ढसाढसा रडले होते.

ही गोष्ट मी दरवर्षी संडे स्कूलच्या मुलांना सांगायचे. डोळ्यांत पाणी आणून!

आणि कमिटीत विषयही मीच काढला. प्रत्येकाला वेगळे छोटे प्लास्टिकचे कप आणू या. हायजीन म्हणून.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, इतकी वर्षं हे जंतू कुठं गेल्ते?"

ठराव मात्र पास झाला.

आता खरं सांगते. हायजीन-बियजीन काही नव्हतं. डॅनियलच्या ओठांनंतर तो प्याला मला माझ्या ओठांना नको होता. बस्स, एवढंच होतं.

पुढच्या रविवारी साहेबांनी संदेश दिला. अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती लोकांवर.

"मालक चाबूक बी मारायचा आन् बायबल बी वाचून दावायचा. मग त्या गुलामांच्या पोरानातवांनी इचारलं, ह्यो देव नक्की कुणाचा? उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं. देव काळा हाय. म्हंजी जो तुडवला जातुय, देव त्याच्या बाजूला उभा हाय."

सदूतात्या उठले. आमचे सगळ्यात जुने पंच. "साहेब, येशू काय काळा न्हवता."

"मग गोरा कवा हुता, तात्या? तुमच्या घरच्या कॅलेंडरवर निळ्या डोळ्याचा हाय, तो कुठल्या गावचा?"

दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत.

"गावानं आपल्याला जे केलं, तेच आपुन ह्या पोराला करतुय. कप येगळा करून."

डॅनियल मान खाली घालून बसला होता. तेव्हा त्याला मराठी फारशी येत नव्हती. पण आपल्याबद्दल चाललंय हे कळायला भाषा कशाला लागते?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भेदभाव म्हणजे काय हे मला शिकवणार? मला?

त्याच दुपारी अर्ज लिहिला. 'पाळकसाहेब उपासनेत राजकारण आणतात, मंडळीत फूट पाडतात.'

साहेबांची इंदापूरला बदली झाली.

जायच्या आधी ते घरी आले. मी चहा ठेवला.

"वरच्यांनी अर्ज दावला मला," ते म्हणाले. "शुद्धलेखनाची एक चूक न्हाय, बाई."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"एकच करा. डॅनियल अजून थोडं दिस हितं हाय. त्याच्याशेजारी बसत जावा."

"हो," म्हणाले मी.

नाही बसले.

दोन रविवार तो एकटा बसला. तिसऱ्या रविवारी आला नाही आणि माझा जीव भांड्यात पडला. लिहितानाही लाज वाटतेय, पण पडला.

मागाहून कळलं, तो साहेबांकडं इंदापूरला राहायला गेला. तिथून रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला यायचा. शिक्षण होईपर्यंत.

आज कबरीपाशी साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "दोन शब्द बोला बाई, तुमी जुन्या."

मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब फार प्रेमळ होते." आणि बसले.

वा गं बाई! एवढंच सुचलं तुला?

मग त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ कॉलवर डॅनियल होता. त्यानं सगळी माती टांझानियाहून बघितली होती. टक्कल पडलंय आता. डोळे सुजलेले.

"बाई, वळखलं का? मी डॅनियल हाय."

अस्सल वरकुट्याची मराठी. साहेबांच्या घरातली.

मी तिथंच रडायला लागले.

"रडू नका, बाई. घोटभर च्या घ्या. आमचं पप्पा सुखानं गेलं."

पप्पा म्हणत होता तो साहेबांना. म्हणजे अर्ज कुणी लिहिला, ते साहेबांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आणि तो माझीच समजूत घालत होता!

तेव्हाही मी अर्जाचं बोलले नाही. "हो रे बाळा," म्हणाले आणि फोन परत दिला.

निघताना मिसेसनी सांगितलं, त्याला मराठी वाचताही येतं. साहेबांनीच शिकवलं.

म्हणून ही पोस्ट त्याला टॅग केलीय.

डॅनियल, वाच. माफ कर असं म्हणायचाही मला हक्क नाही, तरी म्हणतेय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

साहेब, तुमच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायची माझी हिंमत होत नाही.

सलाम, साहेब. प्रभूच्या घरी विसावा घ्या.