बद्द वाजणारा रंधा

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय आत येत नाही. माठ असो, कलिंगड असो नाहीतर जुनं मशीन; आमचे हे, म्हणजे विश्वंभर, आधी ते ठोकणार, कान लावणार आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघणार. मला मात्र न वाजवता पसंत केलं, हे माझं नशीबच म्हणायचं.

हे शाळेत मास्तर होते. परीक्षेत कॉपी पकडता पकडता संशय अंगात मुरला, तो निवृत्तीनंतरही निघाला नाही. नागावात लोक पाठीमागे शंकासुर म्हणतात. मी तोंडावर म्हणते.

छंदही तसाच. बंद पडलेल्या सुतारशाळांतली जुनी मशीनं आणायची, वाडीतल्या शेडमध्ये सुटी करायची आणि रॉकेल, पॉलिश पेपर घेऊन गंज काढत बसायचं. खाऱ्या हवेने गंज परत येतो, हे परत काढतात. एक दिवस पट्टा चढवून मशीन फिरलं की झालं. त्यावर आजवर बनलाय एक पोळपाट, तोही डुगडुगतो. या उद्योगात त्यांचा एकच साथी, पोयनाडच्या आतल्या गावचा बाबाजी. पूर्वी कारखान्यात फिटर होता, आता भातशेती करतो.

गेल्या थंडीत बाबाजीने महाडकडच्या एका बंद सुतारशाळेतून रंधा मशीन शोधून आणलं. फळ्या तासायचं, बिडाच्या टेबलाचं, हत्तीएवढ्या वजनाचं. टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या ह्यांनी टेबलावर हातोडी मारली आणि कपाळाला आठी घातली.

"बद्द वाजतंय. आत तडा आहे."

बाबाजीने वाजवलं. मला पार स्वयंपाकघरात ऐकू आलं, देवळातल्या घंटेसारखं.

"टणटणीत हाय की, मास्तर!"

"पुट्टी भरून वर रंग मारलाय. त्या सुतारशाळेवाल्याला तू सामील आहेस."

बाबाजीचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्या घरचं मीठ खाल्लंय म्या," एवढंच म्हणाला, चपला घातल्या आणि चालू लागला. मी चहा घेऊन बाहेर आले होते. हाका मारल्या, पण त्याने वळून पाहिलं नाही.

ह्यांनी टेबलाचा सगळा रंग खरवडला. रॉकेल चोळलं, पुसलं, वर खडूची पूड फासली. तडा असता तर आत मुरलेलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर रेघ उमटली असती. रेघ काही उमटली नाही. "म्हणजे तडा खोल आहे," हे म्हणाले. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नव्हे.

मग घरातही सुरू झालं. आमच्या वल्लरीचा ठाण्याहून फोन आला की हे दाराशी उभे. "मायलेकी माझ्याविषयी काय कुजबुजताय?" कोणी कुजबुजत नव्हतं. टीव्हीचा आवाज मुद्दाम बारीक सोडतो म्हणून केबलवाल्याशी भांडण झालं. मित्र घालवला, आता आमचा नंबर, असं वाटून मी धुमसत होते. आणि खरं सांगायचं तर बाबाजीची मलाही आठवण येत होती. तो आला की हे हसायचे.

चंदर पाडेली नारळ पाडायला आला, तो दिवस. त्याने पाडून, सोलून अंगणात ढीग घातला. हे एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते आणि बाजूला टाकत होते.

"ह्यात पाणी नाही. ह्यातही नाही. चंदर, आमचे चांगले नारळ कुठे गेले?"

चंदर बिचारा कोयता हातात धरून उभा. माझं डोकंच फिरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच्या हातातला कोयता घेतला आणि ह्यांनी टाकलेला नारळ फोडला. पाणी ह्यांच्या पायांवर सांडलं. दुसरा फोडला, तेच.

ह्यांनी तिसरा उचलला. एका कानाशी हलवला, मग दुसऱ्या. मग माझ्या कानाशी धरला.

"कुमुद, तुला ऐकू येतंय?"

"येतंय," मी म्हणाले.

हे पायरीवर बसले. माझा राग कुठल्या कुठे पळाला. साऱ्या जगावर संशय घेतला या माणसाने, एक स्वतःचे कान तेवढे सोडले होते. हातातला नारळ खाली ठेवून म्हणाले, "मग बाबाजीचा रंधा चांगलाच असणार."

दुसऱ्या दिवशी हे एसटीने त्याच्या गावी गेले आणि त्याला घेऊन आले. तिकडे काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. बाबाजी आला खरा, पण घुम्यासारखा. शेडमध्ये ह्यांनी हातोडी त्याच्या हातात दिली.

"तू वाजव. मला आता कळत नाही. तू सांगशील ते खरं."

बाबाजीने टेबलावर हातोडी मारली. टण्ण! माझ्या कानात घुमलं. ह्यांच्याकडे न बघता तो मोठ्याने म्हणाला, "बद्द वाजतंय. तडा हाय."

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी मान हलवली. "बरं. मग भंगारात देऊन टाकू." आणि टेबलावरची खडूची पूड फडक्याने पुसायला लागले. ना शंका, ना उलटा प्रश्न.

बाबाजी बघतच राहिला. मग हातोडी टाकून त्याने ह्यांचा दंड धरला आणि कानाशी ओरडला, "खोटं बोललो, मास्तर! टणटणीत हाय! कायबी झालेलं न्हाय त्याला!"

हे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता उलटतपासणी सुरू होणार, असं मला वाटलं.

"तू म्हणतोस ना? मग चढव पट्टा."

त्या दिवशीचा बाबाजीचा चहा राहिला होता. तो टाकायला मी घरात गेले.