आरशातली पिवळी गाडी

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात सहलीचा एक नियम आहे. मागची गाडी आपल्या आरशात दिसत राहिली पाहिजे. दिसेनाशी झाली की आपण वेग कमी करायचा, मग आपल्या पुढचाही करतो, आणि हळूहळू सगळी रांग मंदावते.

रविवारी घाटात माझ्यामागे कुलकर्ण्यांची पिवळी गाडी होती, रांगेतली शेवटची. एका वळणानंतर आरसा रिकामा झाला. मी वेग कमी केला. आणखी एक वळण गेलं, तरी मागे नुसता रस्ता. नजर सारखी आरशाकडे जाऊ लागली.

"अहो, पुढे बघा. येतील ते," बायको म्हणाली.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून माझं घरीही असंच होतं. तिचा फोन यायला उशीर झाला की हातातलं काम रेंगाळतं, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. नजरेआड झालेल्या माणसाचं काय चाललं असेल, हे मन काही केल्या सोडत नाही.

अखेर एका ट्रकमागून पिवळा रंग डोकावला. हुश्श करून समोर पाहिलं, तर पुढची निळी गाडी कडेला घेऊन उभी होती. माझ्यासाठी. इतका वेळ मीही कुणाच्या तरी आरशात होतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

चहाला थांबल्यावर मी गावी आईला फोन लावला.

"पोचलास का?" मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं.