नाकातला हिरा बोटात

आमच्या भागात अंगठी ही पुरुषांची चैन होती. सावकाराच्या बोटात नावाची, शनीला घाबरणाऱ्याच्या बोटात नीलमाची, नवरदेवाच्या बोटात सासऱ्याच्या खर्चाची. बायकांनी नाक, कान, गळा, मनगटं सगळं मढवावं, पण हाताची बोटं मोकळी असायची; ती शेणासाठी, पिठासाठी आणि धुण्यासाठी राखलेली. साखरपुड्याला मुलीला लुगडं-चोळी द्यायची, ओटी भरायची, कुंकू लावायचं, साखर वाटायची, की झालं. त्यामुळे सेनगावच्या सरकारी शाळेतल्या एका तरुण मास्तरानं होणाऱ्या बायकोसाठी हिऱ्याची अंगठी घडवायला घेतली, तेव्हा गावाला उन्हाळाभर पुरेल असा विषय मिळाला. तो मास्तर मी.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं हैदराबादनं. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तिकडे मास्तरकी शिकायला गेलो होतो आणि संध्याकाळी पत्थरगट्टीतल्या दुकानांच्या काचा बघत हिंडायचो. खिशात काही नसलं की काचेमागचं सगळं आपलंच वाटतं. तिथं एका दुकानात मखमलीवर एक अंगठी मांडलेली असायची. सोन्याच्या चार बारीक नख्या आणि त्यांनी वर उचलून धरलेला हिरा, बस. खाली पत्रा नाही, बाजूला वेलबुट्टी नाही. उजेड खालून शिरायचा आणि वरून बाहेर पडायचा. मी ती अंगठी इतक्यांदा बघितली की दुकानदारानं माझ्याकडे बघणंच सोडून दिलं.

पुढे गोरेगावची मुलगी पाहायला गेलो. पाहायला गेलो असं आपलं म्हणायचं. पदर इतका पुढं ओढलेला की दिसले ते फक्त हात. पाण्याचा तांब्या ठेवणारे, पानसुपारीचं तबक पुढं करणारे, लांब बोटांचे, घाई न करणारे हात. परतताना बैलगाडीत मामानं विचारलं, मुलगी कशी वाटली? मी म्हणालो, हात चांगले आहेत. मामानं हे वाक्य नंतर सोयऱ्याधायऱ्यांच्या प्रत्येक पंगतीत वाढलं. पण खरंच सांगतो, माझी तिच्याशी ओळख होती ती तेवढीच, आणि जेवढी ओळख होती तिथंच काहीतरी द्यावं असं मला फार वाटत होतं.

सोनं मामा देणार होता. अडलं होतं हिऱ्यापाशी. मामा म्हणाला, काचेचा खडा बसव, गोरेगावात कोणाला कळतंय. मी चिडलो. मी तेव्हा लवकर चिडायचो; आता उशिरा चिडतो, पण चिडतोच. आमचा आवाज वाढला तशी माय आतून आली आणि तिनं पितळेची एक छोटी डबी माझ्यासमोर ठेवली.

त्या डबीत काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याचं नाव काढत नसे. माझे वडील वसमतच्या हळदीच्या अडतीवर होते. हळद घेऊन हैदराबादला गेले तेव्हा त्यांनी नव्या बायकोसाठी हिऱ्याची चमकी आणली होती. मी रांगत असताना ते तापानं गेले. मायचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, नाकातली चमकी उतरली, आणि ती मला कडेवर घेऊन सेनगावला भावाकडे आली. तेव्हापासून डबी बंद. आताही ती तिनं उघडली नाही, मी उघडली. आत मुगाच्या डाळीएवढा खडा होता, मागून बंद कोंदणातला, मळून मंद झालेला.

मला आनंद झाला आणि मामाला घाम फुटला. विधवेच्या नाकातला खडा लग्नाच्या मुलीच्या बोटात घालायचा, हे तिकडे कळलं तर सोयरीक मोडेल, तेव्हा कोणाला काही सांगायचं नाही, असं त्यानं बजावलं. मायचं म्हणणं उलट.

"आधी इचारा त्यांना," ती म्हणाली. "न्हाई म्हणले तर डबी माघारी ठेवीन. मला राग न्हाई येणार."

राग येणार नाही म्हणताना तिनं डबी हातानं झाकून धरली होती. मी इतकी वर्षं त्या घरात राहून जे मला कळलं नव्हतं ते त्या हातानं सांगितलं. तिला तो खडा पुन्हा कोणाच्या तरी अंगावर बघायचा होता, आणि गोरेगावहून नकार आलाच तर तो खड्याला येणार नव्हता, तिला येणार होता. त्या दिवसापासून अंगठी माझी राहिली नाही. मी आपला धावपळ करणारा.

विचारायला गेली मन्यारीण चाची. बांगड्यांची टोपली घेऊन ती दर बाजाराला गोरेगावला जायची, घरोघर बायकांचे हात भरायची, आणि इकडचा निरोप तिकडे पोचवावा तर तिनंच. मुलीच्या बोटाचं मापही तिनंच आणावं असं ठरलं, कारण दुसऱ्या कोणाला ते बोट धरायला मिळणार होतं? ती परतली ती मापाचा दोरा ओच्यात बांधूनच. मुलीचे वडील म्हणाले होते, आईनं लेकासाठी काढून दिलं, त्यात वाईट काय. घरात मोठी म्हणजे मुलीची आत्या. तिचं काय, असं मायनं विचारलं.

"तिनं मुंडी हालवली," चाची म्हणाली. "व्हय म्हून हालवली का न्हाई म्हून हालवली, ते अल्लाला मालूम."

मायला तेवढं पुरेसं वाटलं नाही. आम्ही मात्र ती मुंडी आमच्या सोयीनं होकारात धरली आणि सोनाराकडे गेलो.

आमचा सोनार सरी, गोठ, पुतळ्यांची माळ डोळे मिटून घडवायचा. हिरा त्यानं एकदोनदाच हाताळला होता, तोही जुन्या रिवाजाप्रमाणे बंद कोंदणात, खाली चकचकीत वर्ख देऊन, चहूबाजूंनी सोनं दाबून. मी शाळेतली पाटी नेली होती. तिच्यावर खडूनं नख्या काढून दाखवल्या. त्यानं पाटी जवळ धरली, लांब धरली, उलटी करून मागं काही आहे का ते पाहिलं. ह्यो खडा बसला न्हाई, लटकून राहिला, असं त्याचं मत पडलं. मी म्हणालो, लटकू दे, उजेड खालून आला पाहिजे. तो म्हणाला, उजेडाबरोबर खडाही जाईल.

मग जो तो शहाणपण सांगायला लागला. मामाला खड्याच्या दोन्ही बाजूंना सिंहाचं तोंड हवं होतं. सोनाराचा जीव मोरावर. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हिरा आला नव्हता असे लोकही ओट्यावर बसून हिरा कसा जडवतात ते मला समजावत होते. मी रोज पाटीवरचं पुसायचो आणि पुन्हा तेच काढायचो. शेवटी सोनार माझ्या हट्टाला कंटाळला आणि म्हणाला, आधी तांब्याचा नमुना करू. खऱ्या खड्याला हात लावायची त्याची छाती होईना, म्हणून त्यानं खडीसाखरेचा तुकडा घासून तेवढाच केला आणि नख्यांत बसवला. फार सुरेख दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर नख्या जागच्या जागी आणि खडा गायब. बघा, मी म्हणत नव्हतो का, असं म्हणून सोनार मांडी ठोकून बसला. मला त्याला भिंतीवरून निघालेली मुंग्यांची रांग दाखवावी लागली.

त्यावर तह झाला. चार नख्यांवर आपला भरवसा बसत नाही, असं सांगून त्यानं सहा केल्या, आणि मीही मान्य केलं, कारण त्याचं खरं असण्याची मला आतून भीती होतीच. चमकीचं कोंदण उकलून खडा रिठ्याच्या पाण्यात धुतला. सोनारानं तो चिमट्यात धरून दाराच्या उजेडात नेला आणि आम्ही दोघंही थोडा वेळ भांडायचं विसरलो. अंगठी झाली तेव्हा ती पत्थरगट्टीतल्यासारखी मुळीच नव्हती. नख्या जराशा जाड, एक किंचित वाकडी. पण उजेड खालून येत होता. घरी मायला दाखवायला गेलो तर तिनं लांबूनच मान डोलावली आणि म्हणाली, तिच्या हातात पडू दे आधी.

साखरपुड्याला आम्ही दोन गाड्या करून गोरेगावला गेलो. माय आली, पण समोर बसली नाही. शुभकार्यात पुढं यायचं नाही हा नियम तिला कोणी सांगावा लागत नसे. ती थेट मागच्या दारानं चुलीपाशी गेली. कुंकू लावायला, ओटी भरायला मामी. अंगठीही मामीनंच घालायची, कारण मी हात धरायचा म्हणजे गावजेवणाइतका गोंधळ झाला असता.

मामीनं अंगठी घातली. ती बोटाच्या मधल्या पेरापर्यंत गेली आणि थांबली. मामीनं दाबली. मग जरा जोरात दाबली. बायका पुढं सरकल्या. तेल आणलं. बोट लाल झालं, अंगठी हलेना. चुडा भरायला आलेली मन्यारीण चाची तेवढी निर्धास्त होती. अजून दाबा, जातंय, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि त्या सांगण्यातूनच सगळा उलगडा झाला. बांगडी सैल बसली तर मन्यारणीची लाज जाते. हात चेपून, तळवा मिटवून, जेमतेम चढेल ती बांगडी खरी. चाचीनं त्याच धोरणानं दोरा ओढून घट्ट मापला होता. त्यात आमच्या सोनाराचा हिशेब असा, की सोनं वापरून सैल होतं, मग हिरा हरवला की नाव सोनाराचं; म्हणून त्यानंही आपल्या परीनं थोडं आवळलं होतं. दोघांनी आपापलं कसब मनापासून ओतलं होतं आणि अंगठी आक्रसली होती.

बायका हसायला लागल्या होत्या. मीही हसणार होतो. तेवढ्यात आत्या बोलली. आवाज मुद्दाम चुलीपर्यंत पोचेल असा.

"ज्या अंगावर टिकला न्हाई, तो खडा हितं काहून टिकंल? त्योच मागं सरून राहिला."

हसू जागच्या जागी थांबलं. मागं भांड्यांचा आवाज येत होता, तोही बंद झाला. आत्याला तिथल्या तिथं सुनवावं, माप कोणी घेतलं आणि कसं घेतलं ते सगळ्यांसमोर मांडावं, असं माझ्या मनात आलं. पण मामानं माझा गुडघा दाबून धरला होता, आणि सोयरीक आता एका शब्दावर आहे हे मलाही दिसत होतं. मुलीचे वडील जमिनीकडे बघत होते. मला सगळ्यांत जास्त राग त्यांचा आला.

तेव्हा ते हात हलले. घाई न करता. डाव्या हातानं उजव्या हाताच्या बोटातली अंगठी फिरवत फिरवत काढली, तेल पदराला पुसलं, आणि ती करंगळीत घातली. सरळ खाली जाऊन बसली.

"हितं बराबर बसली," पदराआडून आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. "खडा ज्यांचा हाय, त्या कुठं हायेत?"

नवरी मुलगी साखरपुड्यात बोलत नसते. प्रश्न तर विचारतच नसते. आत्यानं तिचा पदर धरला, तो तिनं हळूच सोडवून घेतला आणि ती उठून आत गेली. तिच्या मागं मीही गेलो. तसं जायचं नसतं, पण तोवर त्या घरात कशालाच ताळतंत्र उरलं नव्हतं.

माय चुलीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलीला बघताच ती म्हणाली, काढून ठेव, लेकरा, जबरी न्हाई. मुलीनं करंगळी तिच्यापुढं धरली. माय मागं सरली, कारण सवय तीच होती. मग तिनं हात पदराला पुसले, तो हात धरला आणि मागच्या दारातून ऊन येत होतं तिथवर मुलीला घेऊन गेली. तिथं तिनं करंगळी इकडे वळवली, तिकडे वळवली. खडा पेटून उठल्यासारखा झाला. माझी माय कमी बोलणारी बाई. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"माझ्या नाकात व्हता तवा समदे म्हणायचे, लई चमकतो, लई चमकतो," ती म्हणाली. "मी आपली हसायची. आरसा व्हता तो कुंकवापुरता, अंधाऱ्या खोलीत. उन्हात कसा दिसतो ते मी आज बघून राहिले."

मुलीनं हात मागं घेतला नाही. बाहेर साखर वाटायची खोळंबली होती आणि मामा दारातून मला खुणावत होता. मी त्याला म्हणालो, खोळंबू दे.